गरोदरपणात फुफ्फुस मिटलं तर: एक्स-रे, नळी आणि बाळंतपणाचे निर्णय

प्रश्न थोडक्यात असा आहे. ग्रामीण रुग्णालयातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसमोर 24 वर्षांची, उंच-सडपातळ पहिलटकरीण आहे, 27 आठवड्यांची गरोदर. आदल्या रात्री उजव्या छातीत एकदम चमक आली, तेव्हापासून धाप आहे. नाडी 112, बोटावरचा ऑक्सिजन 93. उजवीकडे श्वासाचा आवाज जवळजवळ नाही. घरचे एक्स-रेला तयार नाहीत. फोनवर कुणी तरी सुचवलंय की सिझर करून बाळ काढून घ्या म्हणजे आईला मोकळा श्वास मिळेल. नळी टाकायचीच झाली तर कुठे, कोणत्या भुलेखाली, आणि पुढचं बाळंतपण कसं करायचं?

ही लक्षणं न्यूमोथोरॅक्सची, म्हणजे फुफ्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये हवा साठून फुफ्फुस मिटल्याची आहेत. एक्स-रे आत्ता काढा. हवा काढायची गरज असेल तर गरोदर नसलेल्या बाईची जशी काढाल तशीच काढा, फक्त जागा थोडी वरची घ्या. सिझरचा विषय इथेच थांबवा. न्यूमोथोरॅक्स हे सिझरचं कारण नाही, आणि 27 आठवड्यांचं बाळ बाहेर काढून आईच्या छातीतली हवा कमी होत नाही. या आजारात टाळता येण्यासारखं नुकसान होतं ते बाळाच्या काळजीपोटीच होतं: एक्स-रे पुढे ढकलला जातो, नळी टाकायला हात धजावत नाही, आणि तेवढ्या वेळात आईचा ऑक्सिजन घसरत राहतो. बाळाला ऑक्सिजन आईच्या रक्तातूनच मिळतो, तेव्हा आईचं फुफ्फुस उघडणं हाच बाळावरचा उपचार आहे.

आकडे वाचताना एक सावधगिरी ठेवा. दिवस भरत येतात तसा श्वासपटल सुमारे 4 सेंमी वर सरकतो. श्वास सोडल्यावर फुफ्फुसात शिल्लक राहणारी हवा जवळपास 20 टक्क्यांनी कमी होते, आणि ऑक्सिजनची गरज साधारण तेवढीच वाढते. म्हणजे शिल्लक कमी आणि खर्च जास्त. म्हणूनच इतरांत 93 चालवून घेतलं जातं, गरोदर बाईत नाही. इथे लक्ष्य 95 किंवा त्याहून जास्त. रक्तवायू तपासणी होत असेल तर कार्बन डायऑक्साइडकडे नीट पाहा. गरोदरपणात तो एरवीच 28 ते 32 असतो. रिपोर्टवर 40 दिसला आणि शेजारी ‘नॉर्मल’ छापलं असलं, तरी या बाईसाठी त्याचा अर्थ ती दमत चालली आहे असा घ्यायचा.

गरोदरपणातली नेहमीची धाप हळूहळू वाढते, दोन्ही बाजूंनी सारखी असते, तिच्यात दुखत नाही. एकदम सुरू झालेली, एका बाजूला दुखणारी, खोल श्वासाला वाढणारी धाप ‘दिवस गेलेत म्हणून’ या खात्यात टाकू नका. मनात ठेवायचे इतर आजार म्हणजे फुफ्फुसातली गुठळी, हृदयाच्या झडपेचा आजार (आपल्याकडे मायट्रल स्टेनोसिस, म्हणजे झडप अरुंद होणं, पहिल्यांदा गरोदरपणातच कळणाऱ्या बाया अजून येतात), प्रीएक्लॅम्प्सियात (गरोदरपणातल्या वाढलेल्या रक्तदाबाच्या आजारात) फुफ्फुसात होणारं पाणी, न्यूमोनिया. स्टेथोस्कोप दोन्ही बगलांत लावा आणि बोटांनी ठोकून बघा. आवाज कमी आणि ठोकल्यावर पोकळ वाजतंय, तर हवा. आवाज कमी आणि ठोकल्यावर भरीव, तर पाणी. मानेवर, गळ्याच्या खाचेत बोट दाबल्यावर चरचर लागते का तेही बघा. खूप उलट्यांनंतर अशी चरचर आणि ताप असेल तर अन्ननलिका फाटल्याची शंका घ्यावी लागते, तो वेगळा आणि जास्त घातक आजार आहे.

आता घरच्यांना सांगायचा हिशोब. छातीच्या एका एक्स-रेत बाळापर्यंत पोचणारी मात्रा 0.0005 ते 0.01 मिलिग्रे इतकी असते. गर्भाला इजा होण्याची भीती ज्या पातळीच्या पुढे धरतात ती 50 मिलिग्रे. वरचा आकडा धरला तरी तिथवर जायला 5000 एक्स-रे लागतील. छातीचा सीटी स्कॅनसुद्धा बाळाला 0.66 मिलिग्रेच्या आत राहतो. हे कागदावर लिहून दाखवा. नुसतं ‘काही होत नाही’ म्हटलं की लोकांचा विश्वास बसत नाही, आकडा पाहिला की बसतो. पोटावर शिशाचा एप्रन टाकल्यानं बाळाचा डोस फारसा बदलत नाही, पण घरच्यांना धीर येतो. असेल तर टाका, तो शोधण्यात वेळ घालवू नका. फिल्म उभं किंवा बसवून घ्या. आडवं झोपवून घेतलेल्या फिल्ममध्ये हवा पुढे जमते आणि नजरेतून सुटते.

छातीची सोनोग्राफीही चांगली. फुफ्फुसाची सरकणारी रेषा दिसली की त्या जागी हवा नाही हे पक्कं होतं. पण गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याच्या नोंदणीमुळे आपल्याकडे मशीन हवं तेव्हा खाटेशी आणता येईलच असं नाही. त्याची वाट पाहत बसू नका.

एका अवस्थेत मात्र एक्स-रेसाठीही थांबायचं नाही. रक्तदाब पडतोय, मानेच्या शिरा फुगल्यात, श्वासनलिका पलीकडे सरकलीय, बाई घाबरीघुबरी होऊन बोलता येत नाही: हवा दाबाखाली साठते आहे. 14 किंवा 16 नंबरची जाड कॅन्युला घ्या. हंसळीच्या मध्यातून खाली दुसऱ्या बरगडीच्या खालची फट, किंवा बगलेत चौथी फट, बरगडीच्या वरच्या काठाला धरून आत. हवा सूं करून सुटेल. कॅन्युला तशीच ठेवून लगेच नळीची तयारी करा, कारण कॅन्युला मुडपते आणि बंद पडते. गर्भाशय बेंबीच्या वर असेल तर उजव्या कुल्ल्याखाली पाचर किंवा घडी केलेली चादर घालून 15 ते 30 अंश डावीकडे कलवा, नाही तर मोठ्या शिरेवर दाब येऊन रक्तदाब आणखी पडतो. हृदय थांबलंच तर कोणी तरी हातानं गर्भाशय डावीकडे ढकलून धरायचं, दोन्ही बाजूंची हवा सोडायची, आणि 4 मिनिटांत ठोके परत आले नाहीत तर जागच्या जागी बाळ काढायला सुरुवात करायची. सिझरला इथे खरंच जागा आहे, आणि तेही आईला वाचवण्यासाठी.

या बाईला नळी लागेल का? धाप नाही, बाळाचे ठोके ठीक, आणि फुफ्फुसाच्या मुळाशी मोजलेली हवेची पट्टी 2 सेंमीपेक्षा कमी असेल तर भरती करून, ऑक्सिजन देऊन लक्ष ठेवणं पुरतं. हवा आपोआप दिवसाला छातीच्या त्या बाजूच्या साधारण 1.25 ते 2.2 टक्के एवढीच जिरते, जास्त ऑक्सिजन दिला की हा वेग वाढतो. गरोदर नसलेल्यांत हल्ली मोठा न्यूमोथोरॅक्सही त्रास नसेल तर नळीशिवाय सांभाळतात. गरोदरपणात मी तेवढी ढील देणार नाही, कारण शिल्लक कमी आहे आणि पुढे कळा आहेत. तुमच्या बाईला धाप आहे आणि ऑक्सिजन 93, म्हणजे हवा काढायची.

मोठ्या रुग्णालयात असता तर आधी सुईनं ओढून बघायला हरकत नव्हती: 16 ते 18 नंबरची कॅन्युला, थ्री-वे (तीन तोंडांची तोटी) आणि 50 मिलीची सिरिंज. खोकला सुरू झाला किंवा अडीच लिटर निघाली की थांबायचं. अडीच लिटर निघूनही येतच असेल तर आत गळती चालू आहे. पण पुढे दोन तासांचा रस्ता असेल तर मी नळी टाकूनच पाठवेन. सुईनं उघडलेलं फुफ्फुस घाटात परत मिटलं तर रुग्णवाहिकेत करण्यासारखं फार थोडं असतं.

नळीची जागा: नेहमीचा सुरक्षित त्रिकोणच, म्हणजे पुढे छातीच्या मोठ्या स्नायूची कड, मागे पाठीच्या रुंद स्नायूची कड. पण पाचव्या फटीऐवजी चौथी, दिवस भरत आलेले असतील तर तिसरीही चालते. गरोदरपणात स्तन मोठे आणि खाली आलेले असतात, त्यामुळे स्तनाग्राच्या रेषेवरून फट ठरवू नका. छातीच्या हाडावरचा उंचवटा बोटानं शोधा, तिथे दुसरी बरगडी लागते, तिथून मोजत बगलेत या. उजव्या बाजूला हे जास्त महत्त्वाचं, कारण श्वासपटलाबरोबर यकृतही वर आलेलं असतं.

भूल लिग्नोकेनची, ती बाळाला चालते. मात्रा किलोला 3 मिग्रॅ. बाई 55 किलोची असेल तर 165 मिग्रॅ, म्हणजे 2 टक्क्यांच्या बाटलीतली 8 मिली. त्यात 8 मिली सलाइन मिसळून 16 मिली करा आणि कातडी, स्नायू, बरगडीचं आवरण, शेवटी फुफ्फुसावरण अशी थराथरानं द्या. फुफ्फुसावरण सुन्न झालं नाही तर बाई कळवळते, दचकते, आणि चुका तिथेच होतात. सुईतून हवेचे बुडबुडे आले की जागा बरोबर आहे. नाही आले तर तिथे नळी टाकू नका.

नुसत्या हवेसाठी 8 ते 14 फ्रेंचची (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप) बारीक, तारेवरून सरकवायची नळी पुरते. ती नसेल तर तुमच्याकडची 24 किंवा 28 फ्रेंच चालेल, पण ट्रोकारनं (नळीतल्या टोकदार सळईनं) भोसकून नाही. बरगडीच्या वरच्या काठावरून आर्टरी फोर्सेप्सनं वाट करा, आत बोट फिरवा. बोटाला मऊ, श्वासाबरोबर हलणारं फुफ्फुस लागलं पाहिजे. खाली गुळगुळीत घुमट लागला तर तो श्वासपटल आहे, एक फट वर जा. शेवटचं छिद्र कातडीच्या चांगलं आत जाईल इतकी नळी सरकवा आणि जाड रेशमी टाक्यानं पक्की बांधा. बाई बसलेली किंवा 45 अंशांवर टेकलेली बरी. नळी डावीकडे असेल तर डाव्या कुशीवर झोपवल्यावर नळी अंगाखाली दबते आणि बंद पडते. अशा वेळी उजव्या कुल्ल्याखालची पाचरच ठेवा, कूस नको.

नळीचं बाहेरचं टोक पाण्याच्या बाटलीला जोडलेलं असतं; त्या बाटलीकडे घरच्यांनाही बघायला शिकवा, कारण रात्री जागे तेच असतात. आतली नळी पाण्यात 2 सेंमी बुडालेली हवी. जास्त बुडाली तर हवेला बाहेर पडायला जोर लागतो. बाटली नेहमी छातीच्या खाली आणि उभी. श्वासाबरोबर पाण्याची रेषा वरखाली हलते आहे म्हणजे नळी चालू आहे. रेषा हलत नाही आणि धाप वाढतेय, तर नळी मुडपली आहे का ते आधी पाहा. बुडबुडे येत असलेली नळी चिमट्यानं कधीही बंद करायची नाही, ट्रॉलीवरून नेतानाही नाही आणि एक्स-रेला नेतानाही नाही. ‘नेताना क्लॅम्प करा’ ही जुनी सवय वॉर्डात अजून दिसते. तिनं हवा आत साठून दाब तयार होतो.

बुडबुडे दिवसेंदिवस थांबतच नसतील तर शस्त्रक्रियेचं बोलण्याआधी एक साधी परीक्षा करा. छातीजवळ नळी दोन बोटांत एक-दोन सेकंद दाबा. बुडबुडे थांबले तर हवा छातीकडून येते आहे. चालूच राहिले तर जोड किंवा बाटली गळते आहे. छातीकडून येत असेल तर पट्टी उघडून नळीचं छिद्र बाहेर सरकलंय का ते बघा. एवढं पाहिल्यावर जी उरेल ती फुफ्फुसातली गळती. सक्शन (बाटलीतून हवा ओढणारं यंत्र) लगेच लावू नका. फुफ्फुस तीन दिवसांपेक्षा जास्त मिटलेलं असेल तर एकदम उघडल्यानं त्यात पाणी भरतं, आणि गरोदर बाईला ते सोसत नाही. लावायचंच झालं तर नंतर, 10 ते 20 सेंमी पाण्याच्या दाबाचं.

औषधांत दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, गरज पडली तर थोडे दिवस ट्रॅमाडॉल. डायक्लोफेनॅक आणि तत्सम गोळ्या 20 आठवड्यांनंतर नकोत: गर्भजल कमी होतं, आणि शेवटच्या तिमाहीत बाळाच्या हृदयाजवळची नळी अकाली मिटू शकते. पोट जरा कडक लागलं म्हणून आयसॉक्सुप्रिन (गर्भाशय सैल करणारं औषध) सुरू करण्याची आपल्याकडे रीत आहे, इथे ती टाळा. नाडी वाढते, रक्तदाब पडतो, आणि फुफ्फुस पुन्हा मिटलं की औषधाचा परिणाम हे कळेनासं होतं. मुदतीआधी बाळंतपणाची खरी शक्यता असेल तर बाळाची फुफ्फुसं तयार व्हावीत म्हणून डेक्सामेथासोन 6 मिग्रॅ स्नायूत, दर 12 तासांनी, चार डोस. गरोदरपण आणि अंथरूण दोन्हींमुळे पायात गुठळीचा धोका वाढतो. तिला दुसऱ्या दिवसापासून बाटली हातात घेऊन चालवा, आणि हेपरिनच्या इंजेक्शनचा निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून घ्या. अपघातात पोटाला मार लागला असेल आणि रक्तगट निगेटिव्ह असेल तर 72 तासांत अँटी-डीचं इंजेक्शन.

पाठवताना 108 ची प्रगत जीवरक्षक गाडी मागा. बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण 1500 लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला 10 लिटरनं कागदावर अडीच तास निघतात, हिशोब दोनचा धरा आणि दुसरा सिलिंडर ठेवा. बाटली उभी ठेवायला माणूस नेमा. दोन क्लॅम्प सोबत द्या, फक्त नळी सुटली तर वापरायला. चिठ्ठीवर नळीची तारीख, फट, बुडबुडे आहेत की नाहीत, आणि बाळाचे ठोके (110 ते 160 मध्ये हवेत) लिहा.

कारण शोधायचं राहून जाऊ नये. उंच-सडपातळ तरुणीत फुफ्फुसाच्या टोकावरचा फुगा फुटणं हे नेहमीचं. पण आपल्या भागात क्षयरोग आधी वगळायचा: खोकला, ताप, वजन न वाढणं, घरात कुणाला उपचार चालू आहेत का. थुंकी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या क्षयाचे जंतू शोधणाऱ्या तपासणीला पाठवा. एक्स-रेत हवेखाली पाण्याची आडवी सरळ रेषा असेल तर शंका आणखी पक्की. क्षयाची पहिल्या फळीची चारही औषधं गरोदरपणात देतात, स्ट्रेप्टोमायसिन मात्र नाही, ते बाळाच्या कानांवर जातं. क्षयाच्या फुफ्फुसातली गळती आठवडेच्या आठवडे चालू शकते, हे घरच्यांना पहिल्या दिवशीच सांगा. दुसरं, वारंवार किंवा दोन्ही बाजूंना हवा, किंवा छातीतून दुधाळ पाणी आलं, तर एलएएम (लिम्फँजिओलियोमायोमॅटोसिस) या फुफ्फुसाच्या दुर्मीळ आजाराचा विचार करा. तो गरोदरपणात वाढू शकतो. त्यात मूत्रपिंडात चरबीयुक्त गाठी असू शकतात, त्या पोटाच्या सोनोग्राफीतच दिसतात.

खोकल्यावरही 24 तास बुडबुडे नाहीत आणि एक्स-रेत फुफ्फुस पूर्ण उघडलंय, की नळी काढा. पाच दिवसांनंतरही हवा येत असेल तर छातीच्या शल्यचिकित्सकांना दाखवा, सात-आठवा महिना आहे म्हणून बाळंतपणापर्यंत रेटू नका. दुर्बिणीची शस्त्रक्रिया गरोदरपणात झालेली आहे, दुसरी तिमाही त्यातल्या त्यात सोयीची. पुन्हा मिटू नये म्हणून फुफ्फुस छातीच्या भिंतीला चिकटवायचं ते आवरण घासून, औषध घालून नाही. डॉक्सीसायक्लिन नको, ते बाळाच्या दातांत आणि हाडांत उतरतं; टाल्कची पावडरही गरोदरपणात टाळतात.

बाळंतपण दिवस भरल्यावर, ठरवून, भूलतज्ज्ञ आणि छातीचे डॉक्टर हाताशी असतील अशा ठिकाणी. सातव्या महिन्यात माहेरी जायची पद्धत आहे. हिला जायचं असेल तर माहेरच्या गावापासून असं रुग्णालय किती लांब आहे ते आधी विचारा. कळांत श्वास रोखून जोर लावला की छातीतला दाब वाढतो आणि फुगा पुन्हा फुटू शकतो. म्हणून कळा सुरू होताच एपिड्यूरल (पाठीतून दिलेली, कळांचं दुखणं कमी करणारी भूल), बाळाला आपोआप खाली येऊ द्यायचं, आणि शेवटचा टप्पा व्हॅक्यूम किंवा चिमट्यानं आखूड करायचा. ‘जोर लाव, श्वास धर’ असं तिच्या कानाशी कुणी ओरडायचं नाही, हे लेबर रूममधल्या प्रत्येकाला आधी सांगून ठेवा. कळांसाठीचा नायट्रस ऑक्साइडचा वायू पूर्ण बंद. तो रक्तातून छातीतल्या हवेत नायट्रोजनच्या कितीतरी पट वेगानं शिरतो आणि छोटा न्यूमोथोरॅक्स काही मिनिटांत मोठा करतो. सिझर बाळंतपणाच्या कारणासाठी लागलंच तर कमरेतली भूल. पूर्ण भूल टाळता येतच नसेल आणि छातीत हवा शिल्लक असेल, तर यंत्रानं श्वास देण्याआधी नळी टाकलेली हवी. जुना न्यूमोथोरॅक्स पूर्ण बरा झाला असेल तर नुसत्या भीतीपोटी बाळंतपणासाठी नवी नळी टाकू नका.

घरी पाठवताना: श्वास रोखायचे प्रकार आणि कपालभाती बंद, गरोदरपणाच्या योगवर्गातही. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, इसबगोल चालतं. घरात विडी-सिगारेट नको. विमानप्रवास एक्स-रेत फुफ्फुस पूर्ण उघडल्याचं दिसल्यावर सात दिवसांनी, जखमेमुळे झाला असेल तर दोन आठवड्यांनी. पुन्हा तशीच चमक किंवा धाप आली तर सकाळची वाट न बघता निघायचं, जुन्या फिल्म आणि डिस्चार्ज कार्ड हातात घेऊन. अंगावर पाजायला काही अडचण नाही. बाळंतपणानंतर, अंगात ताकद आल्यावर, छातीचा सीटी करून फुगे आहेत का ते पाहा. पहिल्या न्यूमोथोरॅक्सनंतर तीनातल्या साधारण एकीला तो पुन्हा होतो, आणि गरोदरपणात हा धोका अधिक मानतात. म्हणून फुगे दिसले किंवा दुसऱ्यांदा हवा झाली, तर दुर्बिणीची शस्त्रक्रिया पुढचे दिवस राहण्याआधी उरकून घ्या. तोवरचं गर्भनिरोधक डिस्चार्ज कार्डावर लिहून द्या, आणि एलएएमची शंका असेल तर इस्ट्रोजेनच्या गोळ्या त्यात नकोत.